पट्ट्याबाहेर

कल्पना करा, तुम्ही एका छोट्या विमानात खिडकीशी बसला आहात. खिडकी साधी नाही, काचेचा वाडगा पालथा लावावा तशी बाहेर फुगलेली आहे. त्यात डोकं घातलं की पार खालचं दिसतं. खाली, नव्वद मीटरवर, गोठलेला समुद्र. विमानाच्या पंखाला आधार देणारी जी तिरकी दांडी असते, तिच्यावर दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. तुमच्या डोळ्यांची जागा आणि विमानाची उंची मोजून त्या अशा लावल्या आहेत की दोन्हींच्या मधून दिसणारा बर्फ बरोबर दोनशे मीटर रुंद असतो. तो तुमचा पट्टा. त्या पट्ट्यातून जो सील सरकत जाईल तो मोजायचा. गळ्याशी माईक सतत चालू असतो. दिसला की बोलायचं. "एक. प्रौढ." पुढचा दिसला की, "दोन. आई आणि पिल्लू." वीस मिनिटं असं. मग विमान वळतं आणि नकाशावरची पुढची रेघ धरतं.

आता कल्पना करा, की बाहेरच्या चिकटपट्टीच्या बोटभर पलीकडे, बर्फावर, एक माणूस उभा आहे.

तुम्ही काय कराल? ओरडाल. पायलटला विमान वळवायला सांगाल. कुणीही शहाणा माणूस तेच करेल.

तिने त्याच क्षणी पट्ट्यातला एक सील मोजला. "एक. प्रौढ." आवाजसुद्धा हलला नाही.

तिला दगडाच्या काळजाची म्हणण्याआधी ती कोण आणि तिथे कशी पोचली ते ऐका.

ती मूळची कापड तपासणारी. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात लागली आणि पुढची सोळा वर्षं एका तिरप्या, खालून दिवा लावलेल्या टेबलासमोर उभी राहिली. टेबलावरून पांढरं कापड वाहत जायचं, मिनिटाला वीस मीटर. तुटलेला धागा, तेलाचा डाग, गाठ, विरळ विणीची रेघ, दिसेल तिथे तिने लाल दोऱ्याची खूण करायची. तिची आई त्याच कारखान्यात रफूच्या खात्यात होती. लेकीने खूण करायची आणि आईने दुरुस्त करायचं, असा मायलेकींचा संसार. घरी आई कुरकुरायची, "तुझे डोळे जरा अधू असते तर माझ्या पाठीला आराम पडला असता."

कारखान्यात एक नियम होता. काठातला दोष मोजायचा नाही. कापडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर काठ असतो, तो शिवणीत कापूनच जातो. तिथे भोक असलं तरी ताका पास. नवीन मुली काठातल्या भोकावरही खूण करत आणि बोलणी खात. तिने पहिल्या महिन्यानंतर काठाकडे बघणंच सोडलं. बघितलं तरी मेंदू ते तोंडापर्यंत येऊ देईना.

कारखाना बंद पडला. वर्षभराने सागरी संशोधन संस्थेची जाहिरात आली: हवाई निरीक्षक हवेत, शिक्षणाची अट नाही, नजरेची आहे. ती गेली. मोठ्या दालनात पडद्यावर बर्फाची छायाचित्रं सरकत होती आणि पदवीधर मुलं डोळे चोळत होती. तिला ते कापड वाटलं. चाळीस उमेदवारांत तिचा आकडा खऱ्या आकड्याच्या सगळ्यात जवळ आला. लोक तिला तेव्हापासून 'तपासनीस बाई' म्हणायला लागले.

तिला शिकवलं घुबडकाकांनी. हे त्यांचं टोपणनाव, त्यांच्यासमोर सर्रास वापरलं जाणारं. सव्वीस मोसम त्यांनी त्या खिडकीत काढले होते आणि पापणी लवत नाही अशी त्यांची ख्याती होती. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला चिकटपट्टी दाखवून सांगितलं, "पट्ट्याबाहेर साक्षात देव उभा असला तरी मोजायचा नाही."

हा हट्ट नव्हता. पट्ट्याबाहेरचं मोजायला लागलं की डोळ्याला तिकडची चटक लागते, मनातला पट्टा हळूहळू रुंद होतो आणि आकडा फुगतो. फुगलेल्या आकड्यावर मासेमारीचे नियम ठरतात, कुठल्या पाण्यात जहाजं जाऊ द्यायची ते ठरतं. खोट्या आकड्याने सील मरतात. तिला ते पटलं. सोळा वर्षं तिने दुसरं काय केलं होतं?

विमानात ती पुढच्या खिडकीत बसायची, काका त्याच बाजूच्या मागच्या खिडकीत. मध्ये जाड पडदा. दोघांचे माईक वेगळे, रेकॉर्डर वेगळे. रेघ चालू असताना एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नसे. एकाने पाहिलं म्हणून दुसऱ्याने पाहू नये, यासाठी ही व्यवस्था. रेघ संपली की तिघांचे हेडफोन जोडले जात आणि पायलट ठरलेला प्रश्न विचारी, "काही विशेष?" मग काका पडद्याच्या फटीतून अर्धं संत्रं पुढे सरकवत.

तिच्या सातव्या मोसमातली गोष्ट. दुपारचे बारा वाजून गेले होते. सील ऊन खायला बर्फावर येतात ती हीच वेळ, म्हणून उड्डाणं नेहमी भर दुपारी. त्या दिवशी मात्र ढगांचा पातळ थर होता. अशा उजेडात बर्फावर कशाचीच सावली पडत नाही. उंच काय, खोल काय, काही कळत नाही. सगळं खालून दिवा लावलेल्या कापडासारखं.

चौथ्या रेघेवर, बारा एक्केचाळीसला, ती बर्फाची लादी आली. मोठी, सपाट, चोहोबाजूंनी काळं पाणी. पट्ट्यात तिच्या कडेला एक सील लोळत होता. आणि चिकटपट्टीच्या पलीकडे, लादीच्या मधोमध, ते उभं होतं.

सील उभा राहत नाही. हे सरळ उभं होतं, दोन्ही हात अंगाशी धरून. हात हलवत नव्हतं, पळत नव्हतं. जवळ घसरगाडी नाही, होडी नाही, तंबू नाही, पावलांची ओळ नाही. कुणीतरी वरून अलगद ठेवल्यासारखं. अंग काळं, आणि वर, तोंड असतं तिथे, एक फिकट ठिपका. विमान पुढे सरकलं तसा तो ठिपका वळला. विमानाबरोबर वळत राहिला.

चार सेकंद. मग ती लादी मागे गेली.

तिच्या तोंडून सील गेला. त्या पुढचाही गेला. आतून कुणीतरी हाका मारत होतं, पण तोंडाला सोळा अधिक सात वर्षांची सवय होती. तिने स्वतःला एक गोष्ट सांगितली: काका मागे आहेत. काकांच्या खिडकीतून ते आता जात असेल. घुबडाच्या नजरेतून सुटायचं नाही. रेघ संपली की ते बोलतील.

अकरा मिनिटांनी रेघ संपली. हेडफोन जोडले गेले. पायलटने विचारलं, "काही विशेष?"

तिने पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला नाही.

"काही नाही," काका म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली.

संत्रं नेहमीप्रमाणे पुढे आलं. तिने ते हातात धरलं, खाल्लं नाही.

तळावर संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी काका नेहमीसारखे गप्पा मारत होते. ती मूग गिळून बसली. जे काकांनी पाहिलं नाही ते असणार कसं? पण सकाळी सातला तिने मोहीमप्रमुखांचं दार ठोठावलं आणि सांगितलं, की काल चौथ्या रेघेवर, पट्ट्याबाहेर, माणसासारखं काहीतरी होतं. ठिपक्याचं सांगायला तिची जीभ वळली नाही.

प्रमुख वयाने तिच्याहून लहान, पण माणूस सरळ. त्यांनी रागावण्यात एक मिनिट घालवलं नाही. त्या भागात बर्फावर ठोकलेली एक बोया होती, दर तासाला आपलं ठिकाण उपग्रहाला कळवणारी. तिच्यावरून हिशेब निघाला, की साडेअठरा तासांत तिथला बर्फ अकरा किलोमीटर नैर्ऋत्येला सरकला असणार. विमान तिथे गेलं. तीन तास फिरलं. तशा लाद्या पुष्कळ दिसल्या; काही फुटल्या होत्या, काही एकमेकींवर चढल्या होत्या. सील दिसले. बाकी काही नाही.

दरम्यान सगळ्या तळांना, जहाजांना, किनाऱ्यावरच्या वस्त्यांना विचारून झालं. उत्तरं एकेक करून आली. सगळीकडची माणसं पुरी होती. कुठेच कुणी हरवलेलं नव्हतं.

हे ऐकून इतरांनी सुटकेचा श्वास टाकला. तिला मात्र सुटल्यासारखं वाटेना. हरवलेला माणूस सापडला नाही तर वाईट वाटतं. पण कुणीच हरवलेलं नसताना एक माणूस जास्तीचा दिसला, तर काय वाटायचं असतं?

प्रमुखांनी समजूत घातली. मळका बर्फ असेल, उभा राहिलेला बर्फाचा सुळका असेल, उजेडच तसा होता. काकांना विचारलं तर ते म्हणाले, मला काही दिसलं नाही. मोसम संपल्यावर त्यांनी कामच सोडलं. डोळे थकले, म्हणाले. निरोपाच्या वेळी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या दोघी राहत. आई सुईत दोरा ओवत होती. पूर्ण ऐकल्यावर म्हणाली, "काठातल्या भोकाने कुणाला थंडी वाजत नाही, म्हणून तो नियम. इथे थंडी वाजणारं होतं ना?"

साडेअठरा तास. तेवढ्या वेळात काय होतं ते तिला ठाऊक होतं, प्रशिक्षणात शिकवलं होतं. पहिल्या तासाला बोटं जातात.

हिवाळ्यात निरीक्षकांना संस्थेच्या तळघरात काम असतं. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि तक्त्यात उतरवायचं. डाव्या रकान्यात पुढच्या खिडकीचे सील, उजव्यात मागच्या. मग जोड्या लावायच्या. तिने बारा वाजून सात मिनिटांनी एक प्रौढ म्हटलं, काकांनी तीन सेकंदांनी एक प्रौढ म्हटलं, म्हणजे तो एकच सील. शेवटच्या रकान्यात एक. वेळ जुळत नसेल तर दोन वेगळे, तिथे दोन. शंका असेल तर एकच धरायचं, हा काकांचाच नियम.

या जोड्यांत एक गंमत आहे. समजा तिला दहा दिसले, काकांना नऊ, आणि त्यातले सहा दोघांनाही दिसले. मिळून तेरा झाले. पण दहा नव्वे नव्वद, भागिले सहा, पंधरा. म्हणजे आणखी दोन सील तिथे होते, जे दोघांपैकी कुणालाच दिसले नाहीत. न दिसलेल्यांची मोजणी. नवीन माणसाला हे जादू वाटतं. तिला त्या वर्षी त्याची भीती वाटायला लागली.

काकांनी काम सोडल्यामुळे त्यांचं रेकॉर्डिंग उतरवण्याचं काम तिच्याच माथी आलं. चौथ्या रेघेची फाइल तिने शेवटी ठेवली. एका सकाळी, हीटर खडखडत असताना, हेडफोन लावून तिने ती सुरू केली. काकांचा आवाज घड्याळासारखा चालला होता. एक, प्रौढ. एक, प्रौढ. दोन, आई आणि पिल्लू. बारा एक्केचाळीस आलं. लादीच्या कडेला लोळणारा तो सील, जो आंधळ्यालाही दिसावा, तो काकांनी मोजला नाही.

त्या पुढचाही नाही. त्या पुढचाही नाही.

चाळीस सेकंद नुसती इंजिनाची घरघर. तेवढ्यात तिने पाच सील मोजले होते, काकांनी एकही नाही. मग कुणीतरी खूप वेळ रोखलेला श्वास सोडावा तसा एक सुस्कारा, आणि पुन्हा, "एक. प्रौढ."

मागच्या खिडकीतून मागचं पुष्कळ दूरवर दिसतं. लादी दिसेनाशी व्हायला साधारण चाळीस सेकंद लागतात.

तिने हेडफोन काढले, थोडा वेळ हीटरवर हात धरले. मग एक काम केलं, जे करायला नको होतं असं ती अजून म्हणते. आधीच्या सहा वर्षांचे तक्ते काढून उजव्या रकान्यात तशीच रिकामी जागा शोधली. एक सापडली. दोन वर्षांपूर्वीची, दुसरी रेघ, छत्तीस सेकंद. डाव्या रकान्यात तिचे स्वतःचे सहा सील ओळीने, आणि शेजारी तिच्याच अक्षरात शेरा: 'मागच्या खिडकीवर दहिवर धरलं असावं.'

म्हणजे तेव्हाही ते तिथे होतं. आणि ती इतकी चांगली तपासनीस होती की तिला ते दिसलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात ती काकांकडे गेली. दुपार होती. काका थोरल्या बहिणीबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहत. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, खिडकीचे पडदे ओढलेले.

"या तपासनीस बाई," ते म्हणाले. "आता कुणाचं कापड नापास करायला आलात?"

बहिणीने चहा ठेवला, डोळ्यांत पाणी जाईल म्हणून आपण काकांना तोंडसुद्धा धुवू देत नाही ही त्यांची तक्रार स्वतःच सांगितली आणि आत गेली. तपासनिसाने त्यांच्या कानांना हेडफोन लावले आणि ते चाळीस सेकंद ऐकवले. काकांचा अंगठा खुर्चीच्या हातावर आधी ठेका धरल्यासारखा हलत होता. मग थांबला.

त्यांनी हेडफोन उतरवून मांडीवर ठेवले.

"त्याचं तोंड तुझ्याकडे होतं?" त्यांनी विचारलं.

तोंडाचं तिने आईखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं.

"हो."

"आधीच्या वेळी पाठ होती," काका म्हणाले.

मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. दोन वर्षांपूर्वीही असाच सावली नसलेला उजेड होता. पट्ट्याबाहेर, लादीवर, पाठमोरं. त्यांनी डोळे चोळले, काच पुसली. रेघ संपल्यावर पायलटने विचारलं तेव्हा पडद्यापलीकडून ती काय म्हणते याची त्यांनी वाट पाहिली. ती 'काही नाही' म्हणाली. तेव्हा त्यांना वाटलं, आपल्या डोळ्यांत काहीतरी सुरू झालं. म्हातारपण लपवावं तसं त्यांनी ते लपवलं. दुसऱ्यांदा दिसलं तेव्हा तर खात्रीच झाली, आणि त्यांनी ती बोलायच्या आतच 'काही नाही' म्हणून टाकलं. डोळे गेले म्हणूनच तर नोकरी सोडली, ऑपरेशन केलं.

"डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूने धूसर दिसतं," काका म्हणाले. "जास्तीचं दिसत नाही."

ती म्हणाली, की मी वाट तुमची पाहत होते. यावर दोघंही थोडं हसले. हसणं कसलं, नाकातून वारा गेला.

मग काका पुढे वाकले. त्यांचा आवाज पहिल्या दिवशी चिकटपट्टी दाखवताना होता तसा झाला. हे बघ, म्हणाले, दोन वर्षं कुणी माणूस बर्फावर उभा राहत नाही. तीच उभं राहण्याची तऱ्हा, तसाच उजेड. म्हणजे दोन्ही वेळा तेच होतं, आणि ते माणूस नव्हतं. काय होतं ते देव जाणे. पण माणूस नव्हतं. तुझ्या हातून कुणी मेलं नाही. माझ्याही नाही.

"एकच असेल तर," ती म्हणाली.

काका खुर्चीत मागे टेकले.

"दोन असतील तर काका, तुम्ही एकाला सोडलंत आणि मी एकाला."

"कुणीच हरवलं नव्हतं."

"आपल्याला ठाऊक असलेलं कुणी हरवलं नव्हतं. उंची सारखी होती?"

"सावली नसताना वरून उंची कळते होय?" काका जवळजवळ चिडून म्हणाले. मग हाताने चाचपत त्यांनी तिचा हात शोधला. "शंका असली की काय करायचं? मी काय शिकवलंय?"

"एकच धरायचं."

"मग धर की, पोरी."

काळ्या चष्म्याआडून ते विनवत होते, हे तिला कळलं. तिने त्यांचा हात दाबला आणि चहा संपवला, पण हो म्हटलं नाही.

पुढच्या मोसमाआधी तिने प्रमुखांपुढे दोन्ही तक्ते ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. पट्ट्याबाहेर माणूस, होडी, किंवा काहीही समजलं नाही असं दिसलं तर रेघ तिथेच सोडायची आणि पायलटला सांगायचं, असा लेखी नियम त्याच दिवशी झाला, आणि तक्त्यात पट्ट्याबाहेरच्या गोष्टींसाठी आणखी एक रकाना आला. नव्या निरीक्षकांना तो नियम आता तीच शिकवते. देवाचं वाक्य ती वापरत नाही.

ती आता मागच्या खिडकीत बसते, काकांच्या जागी. पायलटने "काही विशेष?" विचारलं की पुढच्याची वाट न पाहता आधी बोलते. तिच्या त्या नव्या रकान्यात आजवर एक पिंप, एक फाटकं जाळं, एक मेलेला देवमासा आणि एक भरकटलेली रिकामी होडी आली आहे. होडीसाठी विमान वळलं. ती आठवडाभरापूर्वी किनाऱ्यावरून सुटलेली निघाली. ढगांचा पातळ थर आला आणि सावल्या गेल्या, की ती खिडकीत आणखी पुढे वाकते. आई फोनवर रोज एकच विचारते, "काठ पाहिलास ना?" रोज ती हो म्हणते.

तळघरातल्या तिच्या टेबलाच्या खणात एक तक्ता आहे, एकाच ओळीचा, तिने हाताने आखलेला. डाव्या रकान्यात तिचं: बारा एक्केचाळीस, चौथी रेघ, उभं, तोंड इकडे. उजव्या रकान्यात काकांचं: दोन वर्षं आधी, दुसरी रेघ, उभं, पाठमोरं. शेवटचा रकाना, जिथे जोडी लावून आकडा लिहायचा, तो कोरा आहे. हजारो जोड्या तिने डोळे मिटून लावल्या आहेत. इथे पेन टेकवून ती थांबते. एक लिहिलं तर ते माणूस नव्हतं, आणि ते अजून तिथेच कुठेतरी आहे. दोन लिहिलं तर ती माणसं होती.

एक, की दोन?